खापर कुणाच्या माथी?

लग्नाला चार-पाच वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे चौकशीला आरंभ होतो आणि ती चौकशी बहुधा एकाच दिशेने चालते. चवथीच्या सणाला घरी आलेली आतेसासू सुनेला स्वयंपाकघरात गाठून हलक्या आवाजात विचारपूस करते. हळदीकुंकवाला गेलेल्या त्या सुनेची ओटी भरताना यजमानीणबाईंचा हात क्षणभर थबकतो. देवळात कौल लावला जातो, गाऱ्हाणे घातले जाते, पत्रिका पुन्हा उघडल्या जातात आणि कुठल्या तरी मागच्या पिढीतील नागदोषाचा उल्लेख निघतो. जिला दिवसच जात नाहीत तिची ही कथा झाली. जिला दिवस जातात पण गर्भ टिकत नाही, तिची कथा याहून दुःखद असते. तिने दोन-तीन वेळा आशा बाळगलेली असते, दोन-तीन वेळा ती आशा वाहून गेलेली पाहिलेली असते, आणि प्रत्येक वेळी "जिना का चढलीस, पपई का खाल्लीस, बसचा प्रवास का केलास" या प्रश्नांना उत्तरे देण्याची पाळीही तिच्यावरच आलेली असते. होऊ घातलेल्या मुलाचा बाप यांतल्या कुठल्याच प्रश्नाच्या कक्षेत येत नाही.

या जुन्या आरोपपत्राला अलीकडे शास्त्रीय भाषेतील एक नवे कलम जोडले गेले आहे. वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या दवाखान्यांतून स्त्रीला सांगण्यात येते की, तुमच्या रक्तात अशा काही अँटीबॉडी आहेत ज्या गर्भाला रुजूच देत नाहीत. तुमचे शरीर गर्भाला परका समजून बाहेर टाकते. तिच्या हाती अनेक पानी तपासणी-अहवाल पडतो, त्यात ठळक अक्षरांत छापलेले काही आकडे असतात आणि त्यामागोमाग महागड्या इंजेक्शनांची यादी येते. कालपर्यंत जी अपशकुनी होती ती आज प्रतिकारशक्तीची रोगी ठरते. शब्द बदलले, खापर मात्र त्याच माथ्यावर फुटते. या सांगण्यात तथ्य किती आणि व्यापार किती, याची शहानिशा होणे अगत्याचे आहे. आमच्या मते त्यात तथ्य आहे, परंतु ते एका मर्यादित जागी आहे. त्या जागी निदानाची रीत ठरलेली आहे आणि उपायही आटोक्यातील खर्चाचा आहे. दुःख याचे की, नेमका तो उपाय अनेक गरजू स्त्रियांपर्यंत पोहोचत नाही आणि ज्यांना त्याची गरज नाही त्यांच्या गळी भलतेच उपाय उतरवले जातात.

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडी, ही मुलाची वैरीण नसून त्याची पहिली पुंजी असते. बाहेरून आलेल्या रोगजंतूला ओळखून त्याला चिकटणारी ही प्रथिने वारेतून गर्भाच्या रक्तात उतरतात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बालकाचे रक्षण करतात. गरोदरपणी स्त्रीला धनुर्वाताची लस टोचतात ती याच भरवशावर. एके काळी आपल्या खेड्यापाड्यांतून नवजात बालके धनुर्वाताने दगावत. लस, स्वच्छ बाळंतपण आणि सुईणींचे शिक्षण यांच्या बळावर २०१५ साली भारत माता व नवजात यांच्या धनुर्वातापासून मुक्त झाल्याचे घोषित झाले, त्यात आईकडून मुलाला मिळणाऱ्या या प्रतिपिंडांचा वाटा मोठा आहे. तेव्हा "अँटीबॉडी" हा शब्द ऐकताच स्त्रीने स्वतःच्या रक्ताविषयी भय बाळगण्याचे कारण नाही.

तरीही एक कोडे उरतेच. गर्भ अर्धा आईचा आणि अर्धा बापाचा. दुसऱ्याच्या त्वचेचा तुकडा शरीरावर लावला तर काही दिवसांत शरीर तो झिडकारते. मग बापाकडून आलेले अर्धे परकेपण घेऊन वाढणारा गर्भ आई नऊ महिने कसा सांभाळते? हा प्रश्न सर पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली नेमक्या शब्दांत मांडला. अवयवरोपणाच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या संशोधनासाठी पुढे १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आजही संपूर्णपणे हाती आलेले नाही. पण एवढे निश्चित कळले आहे की, गर्भ आणि आई यांचा संबंध युद्धाचा नाही. गर्भाच्या बाहेरच्या थरातील पेशी आपली ओळख मर्यादित ठेवतात. गर्भाशयाच्या अस्तरातील आईच्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडण्याऐवजी तेथील रक्तवाहिन्या रुंद करण्यास आणि वार रुजवण्यास हातभार लावतात. मेडावर यांचा प्रश्न अचूक होता. परंतु त्या प्रश्नाचा सोयीस्कर अर्थ लावून "आईचे शरीर गर्भावर हल्ला करते" हे सूत्र पुढील काळात जे रूढ झाले, त्याने बरेच अनर्थ केले.

आईच्या प्रतिपिंडांनी गर्भाला अपाय होतो अशी उदाहरणे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. आई आर-एच निगेटिव्ह आणि मूल आर-एच पॉझिटिव्ह असले, तर पहिल्या बाळंतपणात मुलाचे रक्त आईच्या रक्तात मिसळते, आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढच्या मुलाच्या तांबड्या पेशींचा ती नाश करतात. पहिले मूल सुखरूप आणि त्यानंतरची मुले एकामागून एक दगावलेली, असा प्रकार आपल्या घराघरांतील आजींनी पाहिलेला आहे. त्या काळी त्यास करणी म्हणत. १९६८ साली अँटी-डी इंजेक्शन उपलब्ध झाले आणि बाळंतपणानंतर वेळेवर टोचलेल्या एका सुईने ती करणी उतरू लागली. या उदाहरणातला बोध असा की, कारण नेमके सापडले की उपाय नेमका सापडतो आणि दोषारोपाला जागा उरत नाही. मात्र आर-एचची प्रतिपिंडे रुजलेल्या आणि वाढलेल्या गर्भाला अपाय करतात. गर्भ रुजण्याच्या वा सुरुवातीच्या आठवड्यांत पडण्याच्या प्रश्नाशी ज्यांचा संबंध पोहोचतो, त्या प्रतिपिंडांची हकीकत वेगळी आहे आणि ती मुळापासून सांगण्यासारखी आहे.

१९०६ साली बर्लिनमध्ये ऑगस्ट वासरमन यांनी उपदंश, म्हणजे लोक ज्याला गरमी म्हणतात त्या रोगासाठी रक्ताची चाचणी शोधली. ती जगभर वापरात आली. काही दशकांनी वैद्यांच्या ध्यानात आले की, ज्यांना हा रोग असण्याची सुतराम शक्यता नाही अशाही काही व्यक्तींची चाचणी वर्षानुवर्षे रोग दाखवीत राहते. १९५२ साली अमेरिकेतील मूर आणि मोर या दोन संशोधकांनी अशा खोट्या निष्कर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दिसले की दीर्घकाळ असा निष्कर्ष येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांतील काहींना पुढे ल्युपस हा शरीराने शरीरावरच उलटण्याचा विकार होतो. वाचकांनी या गोष्टीचा क्षणभर विचार करावा. ज्या स्त्रियांच्या रक्तातील हे द्रव्य पुढे वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे कारण म्हणून ओळखले गेले, त्यांतील कित्येकींवर आधी त्याच द्रव्यामुळे लांच्छनास्पद रोगाचा शिक्का बसला होता. चाचणीचा अर्थ नीट न लावता स्त्रीच्या माथी दोष मारण्याची ही रीत किती जुनी आहे, याचा हा दाखला आहे.

ही चाचणी ज्याच्या आधारे चाले तो मूळ पदार्थ १९४१ साली मेरी पँगबोर्न यांनी बैलाच्या हृदयातून वेगळा केला आणि त्याला कार्डिओलिपिन असे नाव मिळाले. हा स्फुरदयुक्त स्निग्ध पदार्थ, म्हणजेच फॉस्फोलिपिड. पेशींची आवरणे अशाच पदार्थांची बनलेली असतात. त्यांच्याशी संबंध असलेल्या प्रतिपिंडांना म्हणून अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी म्हणतात. १९५२ सालीच कॉनली आणि हार्टमन यांनी ल्युपसच्या रुग्णांत रक्त गोठण्यास विलंब लावणारे द्रव्य नोंदवले. मौज अशी की काचेच्या नळीत रक्त गोठू न देणारे हे द्रव्य शरीरात मात्र गुठळ्या करते. १९७५ साली स्वीडनच्या इंगा मारी निल्सन यांनी या द्रव्याची आणि गर्भाच्या मृत्यूची सांगड घातली. १९८३ साली लंडनमध्ये ग्रॅहॅम ह्यूज आणि त्यांचे सहकारी यांनी हे सर्व धागे एकत्र विणले. रक्तवाहिन्यांत गुठळ्या, वारंवार गर्भपात आणि रक्तात ही प्रतिपिंडे, असे तिन्ही एकत्र आढळणारा एक स्वतंत्र विकार आहे, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी त्यांच्या गटातील नायजेल हॅरिस, अझीझ घरावी आदींनी ही प्रतिपिंडे मोजण्याची संवेदनक्षम चाचणीही प्रसिद्ध केली. ज्या स्त्रियांना "तुझ्यात काही दोष नाही, पुन्हा प्रयत्न कर" यापलीकडे काही सांगता येत नव्हते, त्यांच्यातील काहींना प्रथमच खरे उत्तर मिळाले.

ही प्रतिपिंडे गर्भाला नेमका अपाय कसा करतात, याविषयी प्रथम समजूत अशी होती की वारेतील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि गर्भाचे पोषण तुटते. हे काही अंशी खरे आहे, परंतु पुरते नाही. अगदी सुरुवातीला पडलेल्या गर्भाच्या वारेत अनेकदा गुठळ्या आढळत नाहीत. पुढील संशोधनात दिसले की, ही प्रतिपिंडे रक्तातील एका प्रथिनाच्या आधाराने गर्भाच्या बाहेरील थरातील पेशींना चिकटतात आणि त्यांची गर्भाशयात मुळे रोवण्याची शक्ती मंदावते. त्याखेरीज शरीरातील दाहाची एक साखळी त्यांच्यामुळे जागी होते. हेपारिन हे औषध केवळ रक्त पातळ करून नव्हे, तर ही साखळी तोडूनही गुण देते, असे २००४ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले.

उपायाची कथाही बोधप्रद आहे. आरंभी स्टेरॉइडचे मोठे डोस दिले जात. त्यांनी आईलाच मधुमेह, रक्तदाब आणि अकाली प्रसूती यांचा त्रास होई. १९९२ साली झालेल्या तुलनात्मक प्रयोगात हेपारिनने तितकाच गुण आणि कमी अपाय होतो असे दिसले. पुढे १९९७ साली लंडनमध्ये रीगन, राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार गर्भपात झालेल्या आणि ही प्रतिपिंडे पुनःपुन्हा आढळलेल्या ९० स्त्रियांचे दोन गट केले. नुसत्या अल्प मात्रेच्या ॲस्पिरिनवर असलेल्या गटात ४२ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. ॲस्पिरिनला हेपारिनची जोड दिलेल्या गटात हे प्रमाण ७१ टक्के झाले. त्यानंतरचे सर्वच प्रयोग इतके ठाशीव निघाले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि एकत्रित पुरावा या जोडउपायाच्याच बाजूने झुकतो आणि तो आज सर्वमान्य आहे. ॲस्पिरिन हे अत्यंत स्वस्त औषध. हेपारिन वार ओलांडून मुलाकडे जात नाही, आणि दररोज पोटाच्या कातडीखाली ते टोचून घेण्यास स्त्री घरच्या घरी शिकू शकते. मात्र दोन्ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची आहेत.

परंतु हा उपाय कुणासाठी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे १५ टक्के स्त्रियांत ही प्रतिपिंडे आढळली, असे लंडनच्या याच गटाच्या पाहणीत दिसले होते. म्हणजे उरलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या दुःखाचे कारण अन्यत्र आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचीच चूक असते. ती चूक बीजाची असेल वा शुक्राणूची; जिना, पपई आणि बसचा प्रवास यांचा तिच्याशी काही संबंध नाही. काही जोडप्यांत पती किंवा पत्नी यांच्यापैकी एकाच्या गुणसूत्रांच्या रचनेत अदलाबदल असते आणि त्यासाठी दोघांचीही तपासणी व्हावी लागते. शिवाय ज्वरानंतर वा अन्य संसर्गानंतर ही प्रतिपिंडे तात्पुरती रक्तात दिसू शकतात. म्हणूनच किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासणी करून दोन्ही वेळा ती आढळली, तरच निदान करावे असा दंडक जगभर आहे. आपल्याकडे पावसाळ्यात तापाच्या साथी चालू असताना केलेल्या एका तपासणीवर एखाद्या स्त्रीला आजन्म रोगी ठरवणे हे शास्त्राला धरून नाही. हा दुसऱ्या तपासणीचा नियम कित्येक ठिकाणी पाळला जात नाही अशी तक्रार ऐकू येते. ती अनाठायी म्हणता येत नाही.

आता गर्भ मुळातच न रुजण्याच्या प्रश्नाकडे वळू. टेस्ट ट्यूब बेबीचे तंत्र आपल्याकडे १९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी आणि १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी यशस्वी केले. आज ते लहान शहरांतही पोहोचले आहे. त्यात प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडतात. तो तेथे रुजलाच नाही, आणि असे दोन-तीनदा घडले, की कारणाचा शोध सुरू होतो. जी प्रतिपिंडे रुजलेल्या गर्भाला बाधक ठरतात, तीच रुजण्यातही अडथळा आणीत असतील ही कल्पना सुसंगत वाटते. परंतु शास्त्रात सुसंगत वाटणे हा पुरावा नव्हे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, सात अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की, ही प्रतिपिंडे असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या टेस्ट ट्यूब उपचाराच्या यशात फरक पडत नाही. म्हणून गर्भपाताचा वा गुठळ्यांचा पूर्वेतिहास नसलेल्या प्रत्येक स्त्रीची ही तपासणी सरसकट करण्याचे कारण नाही. युरोपातील मानवी प्रजननशास्त्राच्या संस्थेने २०२३ साली दिलेल्या शिफारशींतही या तपासणीचा विचार धोक्याची कारणे असतील तरच करावा, असाच सूर आहे.

आणि येथूनच त्या बाजाराला आरंभ होतो ज्याविषयी बोलणे आम्हाला भाग आहे. १९८५ साली लंडनमध्ये मोब्रे आणि सहकाऱ्यांनी असे प्रसिद्ध केले की, पतीच्या रक्तातील पांढऱ्या पेशी पत्नीला टोचल्या तर तिच्या शरीरात गर्भाचे रक्षण करणारी प्रतिपिंडे तयार होतात आणि गर्भपात टळतात. विचार आकर्षक होता. हा उपचार झपाट्याने देशोदेशी पसरला. १९९९ साली अमेरिकेत कॅरोल ओबर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या प्रयोगात काही स्त्रियांना पतीच्या पेशी आणि काहींना नुसते मिठाचे पाणी टोचले. पेशी टोचलेल्या स्त्रियांना अधिक यश मिळाले नाही. उलट मिठाच्या पाण्याचा गट वरचढ ठरला. २००२ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रक संस्थेने परवानगीच्या संशोधनाबाहेर हा उपचार करण्यास मनाई केली. आपल्या देशात तो त्यानंतरही दिला जात राहिला.

इतर उपायांची परीक्षाही हेच सांगते. थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे असलेल्या, परंतु थायरॉइडचे काम व्यवस्थित चाललेल्या ९५२ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांपैकी ३७.४ टक्के आणि नुसती निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांना मूल झाले. गर्भ वारंवार न रुजलेल्या ७१५ स्त्रियांना चीनमध्ये स्टेरॉइड वा निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०२३ साली निष्कर्ष आला तो असा की, यशात काही फरक नाही. अकाली प्रसूतीचे प्रमाण मात्र स्टेरॉइड घेणाऱ्यांत अधिक. ज्या हेपारिन-ॲस्पिरिन जोडीची आम्ही वर प्रशंसा केली, तीच जोडी कारण न सापडलेल्या गर्भपातांसाठी नेदरलँड्समध्ये ३६४ स्त्रियांना देऊन पाहण्यात आली. २०१० साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: दोन्ही औषधे घेतलेल्यांत ५४.५ टक्के, नुसते ॲस्पिरिन घेतलेल्यांत ५०.८ टक्के आणि निष्क्रिय औषध घेतलेल्यांत ५७ टक्के यश. योग्य जागी जे औषध गर्भ वाचवते तेच अन्य जागी केवळ खर्च आणि सुयांचे व्रण देते.

या शेवटच्या आकड्यातच निरुपयोगी उपचारांच्या लोकप्रियतेचे रहस्य दडले आहे. काहीही विशेष औषध न घेता निम्म्याहून अधिक स्त्रियांना पुढे मूल होते. अशा वेळी ज्याने शेवटची सुई टोचली त्याच्या पदरात यश पडते. नवसाला देव पावला असे मानणारी आजी आणि इंजेक्शनाने गुण आला असे मानणारे सुशिक्षित दांपत्य, यांच्या विचारपद्धतीत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते खर्चात. नवसाला नारळ आणि ओटी लागते. या उपचारांसाठी बायकांचे दागिने गहाण पडतात आणि परदेशी गेलेल्या भावाकडून पैसे मागवावे लागतात.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, निराश झालेले जोडपे स्वतःहून उपचार मागते, त्याला नाही म्हणणे हे निष्ठुरपणाचे आहे. आम्हाला हे मान्य नाही. बुडत्याला काडीचा आधार वाटतो हे खरे, परंतु म्हणून काडी विकण्याचे दुकान थाटणे हे परोपकाराचे काम ठरत नाही. ज्या अभ्यासांत वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांची आपुलकीने, वरचेवर भेटी घेऊन, सोनोग्राफीने दिलासा देऊन देखभाल झाली, तेथे पुढच्या खेपेचे यश चांगले दिसून आले आहे. डॉक्टरांचा वेळ आणि धीराचे दोन शब्द यांची किंमत बिलात लावता येत नाही म्हणून त्यांना कमी लेखू नये. दुसरा आक्षेप असा की, शास्त्र पुढे जात असते. आज सिद्ध नाही ते उद्या सिद्ध होईल. ते होवो. पण तोपर्यंत असा उपचार प्रयोग म्हणून, लेखी माहिती आणि संमती घेऊन व्हावा आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेतले जाऊ नयेत. प्रयोगाला उपचाराचे नाव देऊन त्याचे बिल फाडणे, हे मात्र कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

कृत्रिम प्रजननाच्या व्यवसायाला शिस्त लावणारा कायदा संसदेने २०२१ साली संमत केला, दवाखान्यांची नोंदणी आणि बीजदानाचे नियम त्यात आले. परंतु मूळ उपचाराला जोड म्हणून विकल्या जाणाऱ्या या तपासण्या आणि इंजेक्शने यांची पारख सामान्य रुग्णाने कशी करावी, हा प्रश्न उरतोच. ब्रिटनची नियंत्रक संस्था अशा प्रत्येक जोड-उपचाराला पुराव्यानुसार श्रेणी देऊन ती लोकांसाठी जाहीर करते. तशी यादी आपल्या देशी भाषांतून, मराठीतून आणि कोंकणीतून, प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लागली तर अनेक घरे वाचतील. गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉमध्ये २०२३ साली सरकारी खर्चाने कृत्रिम गर्भधारणेची सोय सुरू झाली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. त्याला जोडूनच वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी ठरावीक दिवशी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग असावा. तेथे अँटीफॉस्फोलिपिडच्या तिन्ही प्रमाणित चाचण्या मोफत व्हाव्यात, १२ आठवड्यांनी दुसऱ्या तपासणीसाठी स्त्रीला आठवण देऊन बोलावले जावे, निदान पक्के झाल्यास हेपारिन रुग्णालयातूनच मिळावे, आणि काणकोण वा सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यांतील स्त्रीला त्यासाठी दररोज खेपा घालाव्या लागू नयेत म्हणून आरोग्य केंद्रातील परिचारिकेने तिला सुई टोचण्यास शिकवावे. यासाठी कोट्यवधींची यंत्रसामग्री लागत नाही, नियोजन लागते. आणि या विभागाच्या नोंदवहीत पत्नीबरोबर पतीचेही नाव, वय आणि तपासणी यांचा रकाना असावा, ही आमची अखेरची सूचना. दोघे मिळून आलेत तरच कागद काढावा, असा दंडक घातला तरी हरकत नाही.

शासनाचे काम शासनाने करावे. समाजाचे काम मात्र कुठल्याही खात्याकडे सोपवता येत नाही. ज्या घरात गर्भ पडला त्या घरात एक मृत्यू घडलेला असतो. त्याचे सुतक नसते, त्याला खांदा देणारे नसतात, तो कुणाला सांगताही येत नाही. अशा वेळी त्या स्त्रीला कारण विचारण्यास जाऊ नये. तिच्याजवळ बसण्यास जावे. रक्तातील प्रतिपिंडे तिने निवडलेली नसतात, बीजातील चूक तिने केलेली नसते आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. येत्या हळदीकुंकवाला आपल्या ओळखीतील अशा एखाद्या लेकीसुनेची ओटी न थबकता भरली गेली आणि तिच्या नवऱ्याला त्याच्या आईनेच "तूही डॉक्टरांकडे जा" असे सांगितले, तर या अग्रलेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.